पाठपोट

खणभागातल्या आमच्या प्रेसवर पाटी अजून अब्बांचीच,
खिळे मात्र भंगारात गेले.
आता मी एका संगणकावर लग्नपत्रिका लावते,
अकीक्याची निमंत्रणं, वास्तुशांती,
हळदवाल्यांची बिलबुकं.

मुदस्सर पहिला कागद घेऊन आला
तेव्हा पूर नुकता उतरला होता,
भिंतीवर छातीएवढी चिखलाची रेघ.
"मोफत औषधं. सुकं धान्य. नाव विचारणार नाही."
खाली चौघांचे फोन नंबर. एवढंच.
मी भावाकडून पैसे घेतले नाहीत.
त्याच आठवड्यात त्याला पाहिलं होतं
कमरेला दोर बांधून, पाण्यातून,
टेंभेकर मास्तरांना पाठीवर आणताना.
मास्तर त्याच्या कानाशी रामरक्षा पुटपुटत होते
आणि हा म्हणत होता,
"जोरात म्हणा सर, झोपू नका."

दुसरा कागद वर्षानं आला, पाठपोट.
धान्याची ओळ बारीक झालेली.
वर एक आयत, कमानीत बसवायची.
मग गटाराचा प्रश्न, दाखल्यांचा प्रश्न,
चौकीत रात्रभर बसवलेल्या तिघा पोरांचा प्रश्न.
सगळे खरे.
दाखल्यासाठी मीही चार हेलपाटे घातलेत.
आणि शेवटी ठळक अक्षरात:
हुकूम फक्त अल्लाहचा,
म्हणून मतदान हराम.

हुकूम त्याचा, हे मी रोज पाच वेळा कबूल करते.
पण हे 'म्हणून' कुठून आलं, मी विचारलं.
तो म्हणाला, "आपा, तू फक्त लाव."

अब्बा आयत जुळवायच्या आधी वजू करायचे.
आयत आणि मागणी यांच्या मधे
शिशाची एक पट्टी घालायचे, कोरी.
छापल्यावर ती दिसत नसे,
पण बोटाला लागे तिचं वजन.
देवाचं वेगळं, नगरपालिकेचं वेगळं, म्हणायचे,
एकाच्या चुका दुसऱ्याच्या नावावर कशाला?
माझ्या संगणकात तसली पट्टी नाही.
कळ दाबली की जागा मिटते.

(पलीकडच्या मंडळाचाही कागद मीच लावते.
त्यांची कमान भगवी असते.
'म्हणून' त्यांच्यातही असतं, त्याच जागी.)

तिसरा कागद घेऊन मुदस्सर आला नाही.
एक नवा पोरगा आला, पेनड्राइव्ह घेऊन,
बूट न काढता.
कमान तीच. आयत तीच. क्रमांकही बरोबर.
शेवटी ठळक अक्षरात:
म्हणून मतदान फर्ज.
खाली उमेदवाराचं चिन्ह.

रात्री मुदस्सरला मी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले.
बराच वेळ तो फक्त कमानीकडे बघत होता.
म्हणाला, "अमीरसाहेब म्हणतात, परिस्थिती बदलली."
मग वर परिस्थितीच छापा की रे, मी म्हणाले,
आयत कशाला राबवता?
तो हसला नाही.
मीही हसण्यासाठी बोलले नव्हते.

जुन्या कागदाचे साडेतीनशे उरले होते.
आयत असलेला कागद रद्दीत घालता येत नाही,
वाहत्या पाण्यात सोडावा लागतो.
कटिंग मशीनवर एका फटक्यात झालं असतं,
पण त्यानं कात्री उचलली
आणि एकेक कमान कापायला बसला,
लहानपणी पतंग कापायचा तसा, जीभ दातात धरून.
'हराम' रद्दीच्या पोत्यात. आयत फडक्यात.

पहाटे लक्षात आलं,
आयतीच्या बरोब्बर पाठीला
गटाराचा प्रश्न छापलेला होता.
तो सोडवता येईना.

आयर्विन पुलाखाली गेलो.
फडकं मी धरलं, सोडलं त्यानं.
कागद उलटेसुलटे होत गेले,
क्षणात आयत वर, क्षणात आमची गल्ली.
पाणी कमी होतं, हिरवट, वास येत होता.
"गटार शेवटी इथंच येतं ना गं, आपा?"
मुदस्सर म्हणाला.
पाचसहा कागद काठाच्या चिखलाला अडले.
चप्पल काढून तो आत उतरला,
गुडघाभर.